मेंदूची इजा आणि घरच्यांचे शिक्षण

अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस महिना-दीड महिन्याने रुग्णालयातून घरी येतो, तो दिवस घरात सणासारखा असतो. दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, शेजारीपाजारी भेटून जातात, आणि जो तो म्हणतो, "जीव वाचला, यातच सर्व आले." हे म्हणणे खोटे नाही. पण त्या घराची परीक्षा त्या दिवशी संपत नाही. तिचा दुसरा आणि लांबचा भाग त्या दिवशी सुरू होतो. आज मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या भागाविषयी. त्यासाठी घरच्यांना काही शिकून घेता येते काय, ते शिकवणारे कोणी आहे काय, आणि ज्यांना घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय उरलेली नाही त्यांना ते घरबसल्या शिकता येईल काय, असे तीन प्रश्न आपण क्रमाने पाहू.

विषय थोड्या घरांपुरता आहे असे कोणी समजू नये. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले. त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. एकट्या महाराष्ट्रात मृतांची संख्या १५,२२४ होती. मृतांची आणि जखमींची मोजदाद झाली, ती सरकारी अहवालात आली. परंतु जे डोक्याला मार लागून वाचले आणि घरी परतले, त्यांचे आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे या आकड्यांत कोठेच दिसत नाही.

आता मेंदूला मार लागतो म्हणजे काय होते ते थोडक्यात सांगतो. प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे चौदाशे ग्रॅम वजनाचा, घट्ट दह्यासारखा मऊ असतो. कवटी बाहेरून गुळगुळीत, पण आतून, विशेषतः कपाळामागे आणि कानशिलांपाशी, तिच्या तळाला हाडांचे खडबडीत कंगोरे असतात. वेगात चाललेली दुचाकी एकदम अडली की डोके थांबते, पण आतील मेंदू क्षणभर पुढेच जातो आणि त्या कंगोऱ्यांवर घासतो. शिवाय त्याला पीळ बसून आतील बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. हे तंतू इतके सूक्ष्म असतात की स्कॅनच्या चित्रात पुष्कळदा काही विशेष दिसत नाही. म्हणूनच "रिपोर्ट तर चांगला आहे, मग हे असे का वागतात?" हा प्रश्न घरोघर विचारला जातो.

कपाळामागचा भाग हा मेंदूचा कारभारी आहे. कामाला आरंभ करणे, दोन कामांचा क्रम लावणे, मनात आलेले ओठांवर येण्यापूर्वी अडवणे, समोरच्याचा चेहरा वाचून आपला सूर बदलणे, ही त्याची कामे. हा कारभारी जायबंदी झाला की हातपाय चालतात, जुन्या आठवणी शाबूत राहतात, हिशेबही कदाचित बरोबर येतो, पण गाडा चालत नाही. माणूस दाढीचे सामान समोर ठेवूनही तासभर बसून राहतो. लोक त्याला आळशी म्हणतात, वस्तुतः त्याची आरंभ करण्याची शक्ती गेलेली असते. पाहुण्यांसमोर तो नको ते बोलतो. लोक उद्धट म्हणतात, वस्तुतः त्याचा लगाम तुटलेला असतो. तो म्हणतो, "मला काही झालेले नाही." लोक त्याला हट्टी म्हणतात. परंतु ज्या इंद्रियाने आपले उणे ओळखायचे तेच दुखावले असेल, तर उणे दिसावे कसे? आणि या सर्वांवर थकवा असतो. हा थकवा श्रमाचा नव्हे, नुसते दोघांचे बोलणे ऐकत बसण्याचाही असतो.

येथे एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. १८४८ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात रेल्वेच्या कामावर सुरुंग उडून फिनियस गेज नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार माथ्यातून बाहेर पडली. पहार साडेतीन फुटांहून अधिक लांब आणि सहा किलो वजनाची होती. गेज जगला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हार्लो यांनी पुढे लिहून ठेवले की, हा पूर्वीचा कर्तबगार, विचारी मुकादम आता लहरी आणि शिवराळ झाला, आणि त्याच्या मित्रांना तो निराळाच माणूस वाटू लागला. ही गोष्ट बहुतेक येथेच थांबवून सांगितली जाते. पण गेजचे आयुष्य तेथे थांबले नव्हते. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे कित्येक वर्षे त्याने घोडागाडी हाकली. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, रोजचीच घोडी. मेलबर्नचे मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी गेजच्या चरित्राचा बारकाईने शोध घेऊन असे मत मांडले की, या बांधलेल्या दिनक्रमानेच त्याला पुष्कळसे सावरले असावे. शेवटी प्रकृती ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आपल्या आईकडे आला आणि १८६० साली फेफऱ्याने वारला. त्याच्या उत्तरायुष्याची हकीकत हार्लोंना कळली ती या आईकडून. तो भाच्यांना आपल्या साहसाच्या गोष्टी रंगवून सांगत असे, हेही तिनेच सांगितले. मित्रांना परका वाटलेला हा माणूस शेवटी घरच्यांच्या हाती आला, आणि त्या माउलीला काय करावे, कसे बोलावे, हे सांगणारे कोणी असेल असे दिसत नाही.

गेजच्या गोष्टीतून घ्यावयाचा धडा असा की, मेंदूची जखम भरून काढणे आपल्या हाती नसले तरी त्या माणसाच्या भोवतालची मांडणी पुष्कळ अंशी आपल्या हाती असते. आणि त्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे भोवतालच्या माणसांचे बोलणे. हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे लिअॅन टोघर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची रीतसर परीक्षा पाहिली आहे. त्यांचा एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. मेंदूची गंभीर इजा झालेली माणसे पोलिसांना दूरध्वनी करून काही माहिती विचारतात, असा तो प्रयोग होता. काही पोलिसांना आधी शिक्षण दिले, काहींना दिले नाही. ज्या पोलिसांनी शिक्षण घेतले होते त्यांच्याशी बोलताना इजा झालेली माणसे अधिक मुद्द्याला धरून बोलली, भरकटली कमी. लक्षात घ्या, शिकवले पोलिसांना आणि सुधारले बोलणे रोग्यांचे.

पुढे याच मंडळींनी घरच्यांना हाताशी घेतले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गंभीर इजा झालेली ४४ माणसे होती. काहींना एकट्याला शिकवले, काहींना त्यांच्या पत्नी, पती, आईवडील किंवा मित्र यांच्यासह शिकवले, आणि काहींना त्या काळात शिकवले नाही. शिक्षण दहा आठवड्यांचे होते. संभाषणात सर्वांत अधिक सुधारणा दिसली ती जोडीने शिकलेल्यांत. रोग्याला एकट्याला शिकवून जे साधले नाही, ते घरचे माणूस शेजारी बसवून साधले.

आता हे शिक्षण असते तरी कसले? त्यात औषधांची नावे नाहीत की मेंदूचा नकाशा पाठ करणे नाही. आपल्याच घरातील उदाहरण घेऊ. पतीच्या मेंदूला इजा झाली आहे, त्यांना कालचे आज आठवत नाही. पत्नीला वाटते, आठवण ताजी ठेवली तर ती परत येईल. म्हणून ती विचारते, "अहो, काल संध्याकाळी कोण आले होते, सांगा पाहू?" ते गप्प राहतात. "अहो, मामा नाही का आले होते? त्यांनी काय आणले होते, आठवते का?" ते पुन्हा गप्प. तिसऱ्या प्रश्नाला ते ताट सरकवून उठून जातात. पत्नीचे प्रेम खोटे नव्हते, पण तिने काय केले? ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते, ती चौकशी नव्हे, ती तोंडी परीक्षा होय. ज्या विषयात आपण नापास होणार हे पक्के ठाऊक आहे, त्या विषयाची परीक्षा दिवसातून दहा वेळा कोणी घेतली, तर आपण तरी ताटावर बसून राहू काय?

आता तीच गोष्ट दुसऱ्या रीतीने. पत्नी म्हणते, "काल मामा आले होते. हुरडा घेऊन आले होते. त्यांनी ती विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट सांगितली, मला हसू आवरेना." आणि ती थांबते. घाई करत नाही, मनात दहा आकडे मोजते. पती म्हणतात, "हुरडा कोवळा होता." बस, संभाषण झाले. आठवण काढून देण्याचे ओझे पत्नीने स्वतः उचलले आणि बोलण्याची जागा पतीला मोकळी ठेवली. अमेरिकेतील मार्क इल्व्हिसेकर यांनी या रीतीचा पुष्कळ पुरस्कार केला. माहिती मागण्याऐवजी वाटून घ्यावी, आणि दोघांनी मिळून गोष्ट पुढे न्यावी, हे तिचे सार.

या मुख्य सूत्राभोवती आणखी चार गोष्टी येतात. पहिली, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. "आंघोळ उरका, कपडे काढून ठेवले आहेत, आणि गोळी घ्या म्हणजे आपण निघू" या एका वाक्यात चार कामे आहेत. दुसरी, बोलताना दूरदर्शन बंद असावा आणि तिघांनी एकदम बोलू नये. मेंदूची चाळणी फाटलेली असल्यामुळे कुकरची शिट्टी आणि पत्नीचा शब्द त्याला सारख्याच मोठ्याने ऐकू येतात. तिसरी, स्मरण डोक्याबाहेर ठेवावे. भिंतीवरची दिनदर्शिका, खिशातली वही, मोबाइलचा गजर, वस्तूंच्या ठरलेल्या जागा, या त्याच्या कुबड्या होत, आणि मोडलेल्या पायाला कुबडी देताना आपण लाजत नाही. चौथी, संताप आला तर त्या क्षणी वाद घालू नये. नंतर वहीत तीन ओळी लिहाव्या: आधी काय घडले, त्याने काय केले, मग आपण काय केले. पंधरा दिवसांनी ही वही वाचली की पुष्कळदा दिसते, संताप दुपारी चारनंतर येतो, पाहुणे आल्यावर येतो, म्हणजेच तो थकव्याचा आहे. मग पाहुण्यांची वेळ बदलता येते.

हे सर्व ऐकायला सोपे आहे, पण अंगवळणी पडणे अवघड आहे. ते नुसते वाचून येत नाही, पाहून आणि करून येते. आणि येथेच तिसरा प्रश्न उभा राहतो. ज्या बाईला रोग्याला एकटे ठेवून वाण्याकडेही जाता येत नाही, तिने दहा आठवडे वर्गाला जावे कसे? जिल्ह्याच्या गावी असा वर्ग असला तरी तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने जाऊन येणे म्हणजे सबंध दिवस मोडला.

याला आज एक उपाय निघाला आहे, तो म्हणजे ऑनलाइन शिक्षण, अर्थात मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून घेतलेले शिक्षण. याचे दोन प्रकार आहेत. एकात शिकवणारा पडद्यावर समोर असतो. ठरल्या वेळी दोन्हीकडून एकमेकांना पाहत-ऐकत पाठ होतो. सिडनीच्याच मंडळींनी याचीही परीक्षा घेतली. त्यांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, जोडप्यांना अशा दूरपाठांतून मिळालेला लाभ प्रत्यक्ष समोर बसून दिलेल्या पाठांच्या तोडीचा होता. दुसऱ्या प्रकारात पाठ तयार करून ठेवलेले असतात, शिकणाऱ्याने आपल्या सवडीने ते पाहावे. सिडनी विद्यापीठाने 'इंटरॅक्ट-एबीआय-लिटी' नावाचा असा इंग्रजी पाठक्रम काढला आहे. तो विनामूल्य आहे आणि काही तासांत पुरा होतो. मी वर ताटावरचा प्रसंग दोन रीतींनी सांगितला. पडद्याचा मोठा उपयोग हाच की, असे प्रसंग नुसते सांगावे लागत नाहीत, दाखवता येतात. पाहणाऱ्याने चित्र मध्येच थांबवावे, मागे न्यावे, पुन्हा पाहावे. घरातली निजानीज झाल्यावर रात्री अकरा वाजता शिकायला बसावे. शिक्षक रागावत नाही की कंटाळत नाही. आणि ज्या मोबाइलवर धडा पाहिला त्याच मोबाइलवर आपले नि त्याचे दहा मिनिटांचे बोलणे, त्याला विचारून, ध्वनिमुद्रित करावे आणि मग ऐकावे. आपण किती वेळा परीक्षा घेतली, किती वेळा त्याचे वाक्य आपणच पुरे केले, हे ऐकून पुष्कळांना आपलाच आवाज अनोळखी वाटतो.

परंतु या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. अंथरुणाला खिळलेल्याला कूस कशी बदलवावी, खुर्चीत कसे बसवावे, घास घशात अडकू न देता कसा भरवावा, या गोष्टी जाणकाराने हात धरूनच शिकवाव्या. पडद्यावर पाहून त्या करू जाणे धोक्याचे आहे. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या होऊ लागल्या, झापड उतरेना, फेफरे आले, किंवा एका अंगाचा जोर गेला, तर पाठ उघडून बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. आणि त्याच मोबाइलवर मेंदू पूर्ववत करून देणाऱ्या तेलांचे आणि काढ्यांचे सौदागरही हिंडत असतात, त्यांच्यापासून सावध राहावे. धडा कोणत्या विद्यापीठाचा, कोणत्या रुग्णालयाचा, हे आधी पाहावे.

आणखी एक मर्यादा आपल्या घरांची आहे, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. सिडनीचा धडा बहुधा दोघांच्या घरासाठी बेतलेला असतो. आपल्या घरात सेवा करते सून, आणि शब्द चालतो सासूसासऱ्यांचा किंवा थोरल्या दिरांचा. सुनेने रात्री जागून धडा पाहिला, पण दूरदर्शन बंद करा असे ती सासऱ्यांना सांगू शकत नाही. ती नवऱ्याला प्रश्न विचारणे सोडते, पण आल्यागेल्याने "काय रे, ओळखलेस का मला?" हे चालूच ठेवलेले असते. मग कष्ट एकटीचे आणि अपयशाचा बोलही एकटीला. म्हणून असले पाठ आपल्याकडे नेऊन नुसते भाषांतरित करून भागणार नाही. त्यांत आपले स्वयंपाकघर, आपली ओसरी, आपले पाहुणे आले पाहिजेत, आणि ते एका बाईने चोरून नव्हे, तर सबंध घराने एकत्र बसून पाहिले पाहिजेत. घरात वडीलधाऱ्याने एकदा म्हटले की, "आजपासून त्याला कोणी काही ओळखायला लावायचे नाही," तर दहा धड्यांचे काम त्या एका वाक्याने होईल.

सांभाळणाऱ्याच्या मनाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. माणूस गेला तर लोक सांत्वनाला येतात. येथे माणूस समोर बसलेला आहे, पण ज्याच्याशी लग्न केले, ज्याला वाढवले, तो पुष्कळसा हरवला आहे. या दुःखाला दहावे-बारावे नाही. अमेरिकेतील पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाला 'संदिग्ध वियोग' या अर्थाचे नाव दिले आहे. चांगल्या शिक्षणात हेही शिकवले जाते की, असा शोक होणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे, चिडणे म्हणजे पाप नव्हे, आणि विसावा मागणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे. मन फारच थकले तर बोलायला जागा आहे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी, ईश्वरकृपेने, असा प्रसंग नसेल. पण गल्लीत, वाड्यात, नात्यात कोठेतरी असे एक घर आपल्या माहितीचे असेलच. तेथे फळे घेऊन जाण्याची आपली रीत आहे, ती चांगली आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्या बाईला म्हणा, "वहिनी, मी तासभर भाऊंपाशी बसतो, तुम्ही आत जाऊन निवांत तुमचा धडा पाहा." आणि भाऊंपाशी बसाल तेव्हा त्यांना काही विचारू नका. आपण कोठून आलो, वाटेत काय पाहिले, ते सांगा. आणि थोडे थांबा.